आधी उतार ठरवा, मग शिखर

धरमपेठेतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची लेक नोकरीनिमित्त नॉर्वेत, स्टाव्हांगर शहरात राहते. जूनच्या शेवटी तिनं आईबाबांना पंधरा दिवसांसाठी बोलावलं आहे. ताई ५७ वर्षांच्या, यजमान ६१ चे आणि नुकतेच निवृत्त झालेले. दोघांचं रोज सकाळी अंबाझरीला चार-पाच किलोमीटर चालणं होतं. डोंगर म्हणाल तर रामटेक आणि एकदा केलेली पचमढीची सहल. पायऱ्या उतरताना ताईंचा उजवा गुडघा दुखतो आणि खोल दरी दिसली की त्यांच्या पोटात गोळा येतो. यजमानांनी मोबाइलवर ट्रोलटुंगा या तलावावर झेपावलेल्या शिळेचा फोटो पाहिला आणि तिथंच जायचं हे मनाशी पक्कं केलं. लेकही त्यांच्या बाजूनं. ताई विचारतात, “माझ्यामुळे त्या दोघांचा बेत मोडायला नको. मी लेकीच्या घरीच थांबू का? की मला जमेल अशी एखादी वाट तिथं आहे?”

ताई, घरी थांबायचं नाही. तुमच्यासाठी तिथं एक नाही, चार-पाच वाटा आहेत आणि त्यातली एक तर लेकीच्या दारातच म्हणावी अशी. पण त्या कुठल्या हे सांगण्याआधी तुमच्या आणि यजमानांच्या मनात डोंगराचं जे चित्र आहे, त्याबद्दल बोलू या.

डोंगर म्हटलं की आपल्याला केदारनाथ, अमरनाथ आठवतं. दम लागणार, ऑक्सिजन कमी पडणार ही धास्ती असते. नॉर्वेत ती भीती काढून टाका. तिथलं सगळ्यात उंच शिखर गाल्डहोपिगेन २,४६९ मीटरचं, आणि तुम्ही चालाल त्या वाटा त्याच्या निम्म्या उंचीलाही पोचत नाहीत. प्रेकेस्टोलेन हा जगभर गाजलेला कडा समुद्रसपाटीपासून ६०४ मीटरवर आहे. आपलं चिखलदरा त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच. नागपूर ३१० मीटरवर वसलंय आणि प्रेकेस्टोलेनची वाट सुरू होते ती जागा २७० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तुम्ही तुमच्या धरमपेठेतल्या घरापेक्षाही थोड्या खालून चढायला सुरुवात करणार.

मग तिथं अवघड काय? हिमनद्यांनी कोरून काढलेल्या दऱ्यांमध्ये समुद्र शिरला आणि फियॉर्ड तयार झाले. त्यामुळे डोंगर थेट पाण्यातून वर उठतो, वाट मोठमोठ्या धोंड्यांवरून जाते आणि खडक बहुतेक वेळा ओला असतो. पाचशे-सातशे मीटरवरच झाडं संपतात, वारा अंगावर येतो आणि भर जुलैत दहा-बारा अंशांत हात गारठतात. कसोटी फुप्फुसांची नसते. ती असते गुडघ्यांची, घोट्यांची आणि अंगावरच्या कपड्यांची.

तुमचा गुडघा उतरताना दुखतो हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत, ते फार बरं केलंत. या एका वाक्यावर तुमची सगळी सहल आखता येते. चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो, तेव्हा धाप लागते, पण सांध्याला फारसा त्रास होत नाही. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन आवरून धरतो आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. त्यात उतार येतो दिवसाच्या शेवटी, स्नायू थकलेले असताना. लोक ट्रेक निवडतात तो वर गेल्यावर काय दिसतं ते पाहून. तुम्ही मात्र खाली कसं येणार ते आधी पाहा. ज्या डोंगराचा उतार छोटा आहे, किंवा जिथून खाली यायला रेल्वे किंवा केबल कार आहे, तो डोंगर तुमचा. नॉर्वेत अशी सोय असलेले डोंगर बरेच आहेत.

आता ट्रोलटुंगा. ताई, तुम्ही तिथं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रिंगेडाल्सवाटनेट या तलावाच्या सुमारे ७०० मीटर वर बाहेर झेपावलेली ती शिळा फोटोत दोन सेकंदांत दिसते. पण शेगेडाल इथल्या खालच्या पार्किंगपासून ती गाठून परत येणं म्हणजे २७ किलोमीटर आणि दहा-बारा तास. वरच्या मोगेलिटॉप पार्किंगपासून निघालात तरी जाऊन-येऊन २० किलोमीटर होतात. शिळेपाशी पोचल्यावर गुडघ्यानं नकार दिला, तर परतीचे दहा किलोमीटर समोर उभे राहतात, मध्ये रस्ता नाही की गाडी नाही. जूनच्या शेवटी वरच्या भागात बर्फाचे पट्टे असू शकतात. आणि फोटोत एकटा माणूस दिसतो, पण गर्दीच्या दिवसांत त्या शिळेवर उभं राहायला मोठी रांग लागते.

यजमानांना मात्र मी सरळ नाही म्हणणार नाही. त्यांनी स्वतःची परीक्षा इथंच घ्यावी. एप्रिलच्या सुरुवातीला पचमढीला जा. एका दिवसात, पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन, चौरागड धरून २० किलोमीटर चालून बघा म्हणावं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा दोन तास सहज चालता आलं, तर लेकीबरोबर आणि स्थानिक गाइड घेऊन, वरच्या पार्किंगपासून त्यांनी जावं. नाही जमलं, तर उत्तर त्यांना त्यांच्याच पायांनी दिलेलं असेल, तुम्ही नाही. बीपीची गोळी किंवा इतर काही औषध सुरू असेल, तर पचमढीच्या आधी डॉक्टरांना दाखवणं आलंच. आणि बेत मोडल्याचं ओझं तुम्ही मनावर घेऊ नका. पन्नाशी-साठीतल्या बायका घरातल्या प्रत्येक सहलीत हे ओझं उचलतात आणि दुखणं लपवून चालत राहतात. डोंगरावर लपवलेलं दुखणं सगळ्यांनाच अडचणीत आणतं. “माझा गुडघा इतकाच चालतो” हे लेकीला आजच फोन करून सांगा, म्हणजे ती बुकिंग त्याप्रमाणे करील.

तुमची पहिली वाट डाल्सनूटेनची. स्टाव्हांगरला लागून असलेल्या सांडनेसजवळची ही ३२४ मीटरची टेकडी. स्थानिक लोक लहान मुलांना घेऊन, ऑफिस सुटल्यावरही तिथं जातात. माथ्यावरून एकीकडे फियॉर्ड, दुसरीकडे सपाट किनारा आणि उत्तर समुद्र दिसतो. पोचल्यावर दोन दिवस आराम करून तिसऱ्या दिवशी इथं जा. या वाटेवर तुम्हाला तिथल्या दगडाची, चिखलाची आणि वाऱ्याची ओळख होईल, नवे बूट कुठं टोचतात ते कळेल आणि उतारावर गुडघा काय म्हणतो तेही कळेल. यापुढचे सगळे बेत या दिवसाच्या अनुभवावर ठरवा.

गुडघा ठीक राहिला तर दुसरी वाट प्रेकेस्टोलेनची, आणि हाच तुमच्या सहलीतला मोठा दिवस. स्टाव्हांगरहून पूर्वी फेरीबोटीनं पलीकडे जावं लागायचं. डिसेंबर २०१९ मध्ये समुद्राखालून १४ किलोमीटरहून लांब बोगदा सुरू झाला. त्याचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीखाली २९२ मीटर आहे. आता बस किंवा गाडी तुम्हाला तासाभरात थेट वाटेच्या तोंडाशी सोडते. तिथून जाऊन-येऊन ८ किलोमीटर. चढ-उतार धरून एकूण चढाई सुमारे ५०० मीटर भरते, आणि पुस्तकी वेळ चार तासांचा आहे. तुम्ही सहा धरा.

ही वाट एकसारखी चढत नाही, म्हणून ती मला तुमच्यासाठी आवडते. थोडी चढण, मग लाकडी फळ्या टाकलेला दलदलीचा सपाट तुकडा, मग पुन्हा चढण. सगळ्यात खड्या भागात दगडी पायऱ्या आहेत. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी मोठमोठे धोंडे एकमेकांत बसवून त्या रचल्या आहेत, आणि काम इतकं पक्कं आहे की वर्षाला तीन लाखांहून जास्त माणसं त्यावरून जातात तरी दगड हलत नाही. पायऱ्यांची उंची मात्र सारखी नाही. काही पायऱ्या गुडघ्याएवढ्या आहेत. उतरताना तिथं घाई करू नका, काठ्या आधी खाली टेकवा आणि चांगला पाय वर ठेवून दुखरा पाय आधी खाली घ्या. पुढं त्योडनाने नावाची छोटी तळी लागतात. तिथं बसून डबा खा. शेवटच्या टप्प्यात वाट कड्याच्या बाजूनं जाते. ती रुंद आहे, पण एका बाजूला खोल दरी दिसते.

तुमच्या पोटातल्या गोळ्यासाठी एक सोय या वाटेवर आहे. शेवटच्या टप्प्याआधी एक फाटा डोंगराच्या पाठीवरून वर जातो. त्या बाजूनं गेलात तर प्रेकेस्टोलेनचा सपाट चौथरा वरून, मागून दिसतो आणि त्याच्या पलीकडे ४२ किलोमीटर लांबीचा लिसे फियॉर्ड. कड्याजवळ न जाताही सगळं दृश्य डोळ्यांत मावतं. माझ्या मते चौथऱ्यावर उभं राहून जे दिसतं, त्यापेक्षा इथून दिसणारं अधिक सुंदर आहे, कारण इथून तो कडाही दृश्यात असतो. चौथरा साधारण २५ मीटर लांब-रुंद आहे आणि त्याला कुठंही कठडा नाही. यजमान आणि लेक तिथं गेले, तर काठापासून दोन-तीन मीटर आत बसावं. वारा असेल तर त्याहून आत. पाय खाली सोडून फोटो काढायचा हट्ट कुणीही करू नये. तुम्ही वर बसून हे बघत असाल, तर तुमचा जीव वर-खाली होईल, एवढं कारण पुरेसं आहे.

डाल्सनूटेनलाच गुडघा कुरकुरला, तर प्रेकेस्टोलेन सोडून द्या आणि स्टाव्हांगरहून निघणाऱ्या बोटीनं लिसे फियॉर्डमध्ये जा. बोट कड्याच्या बरोबर खाली थांबते. ६०४ मीटर सरळ उभी भिंत मान वर करून पाहणं हा वेगळा अनुभव आहे. तो दुय्यम समजू नका.

याच फियॉर्डवर आणखी दोन नावं तुमच्या कानावर येतील. शेराग, जिथं दोन कड्यांच्या फटीत धोंडा अडकलेला आहे आणि त्यावर उभं राहून लोक फोटो काढतात. ती वाट साखळ्या धरून चढायची, गुळगुळीत ओल्या खडकाची आहे. आणि फ्लोर्ली, जिथं जुन्या जलविद्युत केंद्राच्या पाइपाशेजारून ४,४४४ लाकडी पायऱ्या वर जातात. दोन्ही तुमच्यासाठी नाहीत. उत्तरेकडच्या लोफोटेनमधली राइनेब्रिंगेनची वाट फार देखणी आहे, पण तिथंही जवळजवळ दोन हजार दगडी पायऱ्या आहेत आणि खाली यायचा दुसरा मार्ग नाही. लोफोटेन पुढच्या खेपेला ठेवा. पंधरा दिवसांत तेवढ्या लांब गेलात तर सगळा वेळ प्रवासातच जाईल.

त्याऐवजी बर्गनला चार दिवस द्या. स्टाव्हांगरहून बसनं सुमारे पाच तास, मध्ये दोनदा अख्खी बस फेरीबोटीवर चढते आणि समुद्रातून जाते. हा प्रवासच बघण्यासारखा आहे. बर्गनभोवती सात डोंगर मानले जातात. त्यातला एक फ्लॉयेन, त्यावरून शहर पाहायची जागा ३२० मीटरवर. शहराच्या मध्यातून त्यावर दोरानं ओढली जाणारी रेल्वे जाते, १९१८ पासून. बरेच पर्यटक रेल्वेनं वर जातात आणि पायी उतरतात, कारण उतरणं सोपं वाटतं. तुम्ही उलट करा. जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्यांतून आणि मग झाडीतून नागमोडी रस्त्यानं पायी वर जा, वर कॉफी घ्या आणि रेल्वेनं खाली या. गुडघ्याला उतार लागलाच नाही.

दिवस कोरडा असेल आणि प्रेकेस्टोलेन नीट पार पडलं असेल, तर उलरिकेन ते फ्लॉयेन ही पठारावरची वाट घ्या. उलरिकेन ६४३ मीटरचा, सातांत सगळ्यात उंच. केबल कारनं त्यावर चढायचं, तिथून साधारण १३ किलोमीटर डोंगराच्या माथ्यावरून तळी आणि दगडांच्या राशी ओलांडत चालायचं आणि फ्लॉयेनच्या रेल्वेनं खाली यायचं. दोन्ही टोकांना यंत्र, मध्ये चाल. मधल्या भागात उताराचे तुकडे आहेत, म्हणून सहा-सात तास हाताशी ठेवा. धुकं असेल तर मात्र जाऊ नका. वर खुणा दिसत नाहीत आणि सगळे दगड सारखे दिसतात.

बर्गनहून फ्लोम या गावी एक मुक्काम करता येईल. डोंगरावरच्या मिरडाल स्टेशनपासून फ्लोमपर्यंतची २० किलोमीटरची रेल्वे ८६० मीटरहून जास्त उतरते. तीच गोष्ट इथंही: फ्लोमहून दरीतल्या रस्त्यानं बेरेक्वामपर्यंत हळूहळू चढत चाला आणि परतीला रेल्वे पकडा. वेळापत्रक आधी पाहून ठेवा.

आता नागपुरात करायची तयारी. मार्च सुरू आहे, म्हणजे तुमच्या हातात तीन महिने आहेत, त्यातला मे नागपूरचा मे आहे. मेहनत एप्रिलच्या मध्यापर्यंत करा, नंतर फक्त टिकवा. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवा आणि फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे व्यायाम शिकून घ्या. अंबाझरीचं सपाट चालणं चांगलं आहे, पण त्यानं उतारासाठीचा स्नायू तयार होत नाही. आठवड्यातून तीन दिवस पहाटे सेमिनरी हिल्सला जा, चढ-उताराचा रस्ता निवडा. सोसायटीला जिना असेल, तर लिफ्टनं वर जा आणि पायी, सावकाश, कठड्याला हात लावून उतरा. दुखलं तर थांबा, मजले हळूहळू वाढवा. पंधरा दिवसांनी एका रविवारी पहाटे रामटेकला जा आणि अंबाळा तलावाच्या बाजूनं पायऱ्यांनी गडावर चढा. पहिल्या वेळी उतरताना गाडीरस्ता घ्या, पुढच्या वेळी पायऱ्या. पचमढीला यजमान चौरागडच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढतील, तेव्हा तुम्ही अर्ध्यावरून परत फिरलात तरी चालेल. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन विदर्भातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हा गड चढत आली आहेत, आणि नागपंचमीच्या सुमारास भर पावसात नागद्वारची वाटही चालतात. आपण सपाटीची माणसं, डोंगर आपलं काम नाही, असं मनात असेल तर ते काढून टाका.

बूट आताच घ्या, घोटा झाकणारे आणि तळ खाचांचा असलेले. लोकरीचे मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना मापून बघा आणि बोटांपुढं थोडी जागा ठेवा. निघेपर्यंत ते रोज घालून चाला. दोन चालकाठ्या तुम्हाला हव्यातच. उतारावर गुडघ्यावरचा भार त्या वाटून घेतात. सुती कपडा आणि जीन्स डोंगरावर नको. ओला सुती कपडा अंगाला चिकटून ऊब खेचतो. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, वर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. नागपुरात उन्हाळ्यात लोकरी कपडे मिळणं कठीण, तेव्हा लेकीला तिथूनच घ्यायला सांगा. टोपी आणि हातमोजे जुलैतही सॅकमध्ये असू द्या.

डब्यासाठी दूध-दही न घालता केलेल्या तेलातल्या दशम्या, थेपले, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू न्या. तुपातले, खव्याचे पदार्थ आणि पनीर नेऊ नका. युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथं मनाई आहे. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं. शेंगेन व्हिसासाठी आरोग्य विमा लागतोच. त्यात डोंगरात चालताना झालेली दुखापत धरली आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या.

हवेसाठी यर हे तिथल्या हवामान संस्थेचं आणि सरकारी प्रसारण संस्थेचं ॲप वापरा. बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. समुद्रावरचा ओला वारा डोंगराला अडतो, आपल्या घाटमाथ्यावर अडतो तसाच. रिमझिम पावसात फ्लॉयेन चालतं, जोराच्या वाऱ्यात प्रेकेस्टोलेन चालत नाही. वाटेवर दगडांवर रंगवलेली लाल ‘टी’ अक्षराची खूण पाहत चला. वाटांची काठिण्यपातळीही रंगांनी दाखवलेली असते: हिरवी सोपी, निळी मध्यम, लाल अवघड आणि काळी फक्त सरावलेल्यांसाठी. तुम्ही हिरव्या-निळ्यावर राहा आणि लालचा विचार कोरड्या दिवशीच करा. जूनच्या शेवटी स्टाव्हांगरला रात्री साडेदहालाही उजेड असतो, त्यामुळे उशीर झालाय हे डोळ्यांना कळत नाही, पाय मात्र थकलेले असतात. म्हणून निघतानाच घड्याळ बघून परतीची वेळ ठरवा आणि ती झाली की शिखर समोर असलं तरी वळा. नॉर्वेत १९५२ पासून डोंगरात वागण्याचे नियम लोकांना शिकवले जातात. आज ते नऊ आहेत आणि आठवा नियम सांगतो की वेळेवर मागे फिरा, त्यात लाज नाही. तिथले मुरलेले लोक हा नियम अगदी सहज पाळतात. यजमानांना हा आठवा नियम वाचून दाखवा. तातडीची वेळ आली तर ११२ वर पोलीस आणि ११३ वर रुग्णवाहिका.

लेकीला एकच गोष्ट बुकिंगआधी सांगा. प्रेकेस्टोलेनसाठी एक तारीख पकडून बसू नका. डाल्सनूटेननंतरचे सलग तीन दिवस स्टाव्हांगरलाच मोकळे ठेवा, रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा वारा आणि पाऊस पाहा आणि त्यातला सगळ्यात शांत दिवस निवडा. सकाळी सातला वाटेच्या तोंडाशी असा, म्हणजे दहानंतरची गर्दी चढत असेल तेव्हा तुम्ही तळ्यांपाशी परत आलेले असाल. बर्गनची बस त्या तीन दिवसांनंतरचीच काढा.